आलबेल

घराचा धनी दूर असला म्हणजे त्याला एकच चिंता सतावते : मागें ठेवलेला राखणदार जागा आहे कीं नाहीं? चोर आला तर राखणदार ओरडेल, हें खरें. परंतु तो ओरडत नाहीं तेव्हां चोर आला नाहीं म्हणून गप्प आहे, कीं त्याचा डोळा लागला म्हणून गप्प आहे, हें दुरून ओळखावें कसें? पूर्वींच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यांतील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांना हा प्रश्न नवा नाहीं. घाटांचीं तोंडें राखण्याचें काम त्या भूमीच्या कपाळीं शतकानुशतकें लिहिलेलें आहे. आज तेथें मुंबईकरांचे बंगले उभे आहेत आणि पुष्कळांच्या भिंतींवर विजेचा राखणदार बसलेला आहे. किल्ल्यांच्या जुडग्यांत अडकविण्याजोग्या एका लहानशा डबीवर चार कळा असतात; एक दाबली कीं तो जागा होतो, दुसरी दाबली कीं निजतो, असें त्याच्याबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांत लिहिलेलें असतें. कोणती कळ कोणती, आणि तो खरोखर जागा झाला हें ओळखावें कशावरून, एवढेंच काय तें त्या पत्रकावरून उमगत नाहीं. या तक्रारीला हंसण्यापूर्वीं त्याच मुलखांतील राखणीचा इतिहास थोडा चाळून पाहणें उचित होईल.

१६६१ सालच्या आरंभीं शाएस्तेखानाचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूनें कुरवंड्याच्या घाटांतून कोंकणांत उतरला. त्याच्यासमवेत रायबागन ही नांवाजलेली स्त्री-सरदार होती. खालापूर तालुक्यांत चावणी गांवाजवळ उंबरखिंड आहे. दोहों बाजूंस डोंगर, मध्यें अरुंद वाट आणि सभोंवार दाट अरण्य. या खिंडींत पुरतें शिरेपर्यंत खानाला कोणी अडविलें नाहीं. अरण्य मुकें होतें, आणि त्या मुकेपणाचा अर्थ खानानें आपल्या सोयीनें लाविला. २ फेब्रुवारीस ती शांतता फुटली तेव्हां फौजेला पुढेंहि वाट नव्हती आणि मागेंहि नव्हती. कवींद्र परमानंदानें ‘शिवभारतां’त हा प्रसंग वर्णिला आहे. रायबागनेच्या सल्ल्यानें खान शरण आला, आणि शिवाजी महाराजांनीं त्याला जीवदान देऊन परत जाऊं दिलें. गनिमी काव्याचा नमुना म्हणून या लढाईची कीर्ति आहे, आणि ती यथार्थच आहे. परंतु राखणीच्या दृष्टीनें पाहिलें तर खानाचा घात एका अनुमानानें केला. कांहीं ऐकूं येत नाहीं, म्हणजे कांहीं नाहीं, असें तो समजला.

हें अनुमान करण्याची पाळीच येऊं नये म्हणून जुन्या पहाऱ्यानें एक साधी तोड काढिली होती. संकट आल्यावर ओरडणें एवढेंच पहारेकऱ्याचें काम नसे. संकट नसतांना तें नाहीं म्हणून ओरडणें हें त्याचें रोजचें आणि अधिक मोठें काम असे. राजमाचीच्या श्रीवर्धन व मनरंजन या बालेकिल्ल्यांवरून उल्हास नदीचें सारें खोरें दृष्टीस पडतें, पेठच्या कोथळीगडावरून कर्जतचा पूर्वभाग न्याहाळतां येतो. परंतु अंधाऱ्या रात्रीं डोळ्यांचा उपयोग थोडा, आणि भिस्त आवाजावर. गांवांतला गस्तवाला काठी आपटीत जाई, हाळी देई. अंथरुणांत पडलेल्या घरधन्याला ती काठी ऐकूं आली म्हणजे तो कूस बदलून निजे. नेहमींच्या वेळीं ऐकूं आली नाहीं म्हणजे उठून बसे. इंग्रजी पलटणींतील पहारेकरी ठराविक वेळानें ‘ऑल वेल’ अशी आरोळी देत, आणि तिच्यावरूनच मराठींत ‘आलबेल’ हा शब्द रुळला. आज हा शब्द ‘सर्व ठीक आहे’ एवढ्याच अर्थानें वापरतात. मुळांत तो पहाऱ्याचा शब्द आहे, आणि तो पुनःपुन्हां ऐकूं येई यांतच त्याचें सारें मोल होतें.

१८६७ सालीं मुंबई इलाख्यांत ग्राम-पोलिसांचा कायदा झाला आणि गांवच्या राखणीची जबाबदारी पोलिस पाटलाकडे व त्याच्या हाताखालील गांवकामगारांकडे कायद्यानें आली. बरोबर शंभर वर्षांनीं, १९६७ सालीं, महाराष्ट्रानें त्याच्या जागीं आपला स्वतःचा कायदा केला. कागद बदलले; परंतु दवंडी, हाळी आणि काठी या तिन्ही साधनांचा अर्थ गांवाला कधीं शिकवावा लागला नाहीं. ज्याला ऐकूं येतें त्याला तीं समजत होतीं.

अंतर अधिक असलें म्हणजे आवाजाच्या जागीं उजेड येई. १६७० सालीं सिंहगड हातीं आल्यावर मावळ्यांनीं गडावरील गवती खोपटीं पेटवून दिलीं, आणि तो उजेड पाहून राजगडावर महाराजांना गड आल्याचें कळलें, असें सभासदाच्या बखरींत आहे. दोन गडांमधील ही खूण म्हणजे त्या काळचा दूरनियंत्रित गजरच होय. तिला अर्थ एकच होता, आणि तो दोन्ही टोंकांना उमगत होता. चार कळांच्या डबीचा विचार करतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

सूचनापत्र कसें लिहावें याचाहि एक वस्तुपाठ त्याच काळांत सांपडतो. चिपळूणनजीक छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस शिवाजी महाराजांचें एक प्रसिद्ध पत्र आहे. पावसाळ्याची बेगमी म्हणून सांठविलेल्या गवताला आग लागूं नये, हा त्यांतील एक विषय. नुसता हुकूम म्हणून तो एका ओळींत सांगतां आला असता. पत्र तसें करीत नाहीं. कोणी गवताच्या आसऱ्याला विस्तव पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्रीं दिवा तसाच जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, अशीं संकटें एकामागून एक डोळ्यांपुढें उभीं केलीं आहेत, आणि गवत जळालें तर घोडीं कशीं मरतील व तें पातक कोणाच्या माथीं बसेल, हेंहि बजावून ठेवलें आहे. पत्र ऐकणाऱ्या शिपायाला अक्षरओळख असो वा नसो, उंदीर त्यानें पाहिलेला होता. यंत्रांचीं माहितीपत्रकें लिहिणाऱ्या कारकुनांना हें पत्र प्रथम वाचावयास दिलें तर त्यांचें आणि गिऱ्हाइकांचें दोघांचेंहि कल्याण होईल.

राखणीचा प्रश्न सर्वांत निकराला आला तो मात्र रेल्वेमुळें, आणि तोहि याच दोन तालुक्यांच्या माथ्यावर. १८५६ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोंचली. १८५८ सालीं वरच्या अंगाला खंडाळा ते पुणें हा मार्ग सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला. उतारू खालीं गाडींतून उतरून पालखींतून किंवा तट्टावरून घाट चढत आणि वर पुन्हां दुसऱ्या गाडींत बसत. जेम्स बर्कले या इंजिनिअराच्या देखरेखीखालीं घाटाचें काम चाललें होतें. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ सालीं काम हातीं घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट पुढें चालविलें. त्या काळीं एका स्त्रीनें २५ बोगद्यांच्या मार्गाची जबाबदारी शिरावर घेणें ही सामान्य गोष्ट नव्हे. तिच्यावर स्वतंत्र लेख होईल. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्तें मार्ग खुला झाला. त्याचा चढ कांहीं ठिकाणीं ३७ स १ असा आहे, म्हणजे ३७ हात पुढें जावें तेव्हां एक हात वर जावें.

कागदावर हा आंकडा किरकोळ दिसतो. लोखंडी रुळावर लोखंडी चाक असलें म्हणजे तो किरकोळ राहत नाहीं. चढण्याची अडचण इंजिनाच्या जोरानें सुटते. कर्जतला गाडीच्या मागें जादा इंजिनें जोडून ती लोणावळ्यापर्यंत ढकलीत नेतात, हें मुंबई-पुण्याच्या प्रत्येक उतारूनें पाहिलेलें आहे. उतरण्याची अडचण निराळी. ब्रेक निकामी झालेली गाडी घाट उतरूं लागली म्हणजे ती कोणाच्याच ऐकण्यांत राहत नाहीं. यावर उपाय म्हणून उताराच्या मार्गाला जोडून चढाचा एक आडरूळ काढिलेला असतो. त्याला ‘कॅच साइडिंग’ असें नांव आहे. भरकटलेली गाडी त्याच्यावर गेली म्हणजे चढावर तिचा वेग मरतो. येथवरची कल्पना कोणालाहि सुचेल. खरें शहाणपण आहे तें पुढें. सांधा एरवीं कोणत्या बाजूला लावून ठेवावयाचा? सामान्य माणूस म्हणेल कीं, मुख्य मार्गाला. गाडी निसटल्याची वर्दी आली म्हणजे तो आडरुळाला फिरवावा. घाटांत याच्या नेमकें उलट करतात. सांधा मुळांतच आडरुळाला लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीनें अलीकडे थांबावें, आपण ताब्यांत आहों हें थांबून दाखवावें, आणि मग तिला मुख्य मार्ग मिळावा.

यांतील न्याय सूक्ष्म आहे. संकटांत सांपडलेल्यानें ओरडावें अशी अपेक्षाच येथें ठेवलेली नाहीं, कारण त्या वेळीं त्याला ओरडतां येईल कीं नाहीं याची शाश्वति नसते. कांहीं कळलें नाहीं म्हणजे धोका आहे, असें आधींच धरून चालावयाचें. ठीक असेल त्यानें आपण ठीक आहों हें सिद्ध करावयाचें. उंबरखिंडीपासून थोड्याच कोसांवर, खानाच्या त्या अनुमानाचें उत्तर जणूं लोखंडांत ओतून ठेविलें आहे. आणि हा नियम पाळण्यासाठीं सांधेवाल्याला इंग्रजी नियमपुस्तक वाचतां येण्याची जरूरी नव्हती. गाडी थांबली तर सांधा फिरवावयाचा, न थांबली तर त्याला हात लावावयाचा नाहीं. गाडी थांबली आहे कीं नाहीं हें डोळ्यांना दिसतें. पुढें १९२९ सालीं घाटाचा मार्ग बदलून गाडी उलट फिरविण्याचें जुनें स्टेशन बंद झालें आणि त्याच सुमारास विजेचीं इंजिनें आलीं. तरी उतरणाऱ्या गाडीनें वाटेंत थांबून ब्रेकची खात्री पटविण्याचा रिवाज मोडला नाहीं.

घरासाठीं विजेची घंटा प्रथम अमेरिकेंत निघाली. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ऑगस्टस पोप यानें १८५३ सालीं तिचें पेटंट घेतलें, आणि चार वर्षांनीं एडविन होम्स यानें तें हक्क विकत घेऊन तिचा धंदा उभारला. दार उघडलें कीं तारेंतील प्रवाह जुळावा आणि घंटा वाजावी, अशी ती योजना. तिच्यांत एक छिद्र होतें. चोरानें तारच तोडली तर प्रवाह कधींच जुळावयाचा नाहीं, आणि घंटा मुकी राहावयाची. म्हणून पुढें उलट रचना प्रचारांत आली : प्रवाह सदोदित वाहता ठेवावा, आणि तो खंडित होतांच घंटा वाजावी, मग तो दार उघडल्यानें खंडित होवो वा तार तुटल्यानें. बोरघाटांतील सांध्याचाच हा न्याय. (वीज तर खालापूर तालुक्यांतच, खोपोलीला, टाटांच्या केंद्रांत १९१५ सालापासून निर्माण होऊं लागली, परंतु ती होती मुंबईच्या गिरण्यांसाठीं. पायथ्याच्या झोंपडीला तिचा उजेड मिळण्यास पुष्कळ काळ जावा लागला.)

१८९८ सालीं निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनांत बिनतारी लाटांनीं दुरून हांकली जाणारी लहान नौका दाखविली. आजच्या घरोघरच्या रिमोटचें कूळ तेथवर नेतां येतें. बिनतारी यंत्र बसविण्यास सोपें, भिंती फोडाव्या लागत नाहींत, म्हणून तें लवकर पसरलें. परंतु तार गेली तिच्याबरोबर तुटलेल्या तारेची साक्षहि गेली. स्वस्त जातीच्या बिनतारी यंत्राचा सेन्सर दार उघडल्यावर तेवढा बोलतो. एरवीं तो मुका. आणि त्याच्यांतला सेल संपला, तो खिळ्यावरून गळून पडला, किंवा त्याची आणि मुख्य डब्याची ओळखच तुटली, तरीहि तितकाच मुका. सव्वातीनशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर उंबरखिंडीचें अरण्य असें पुन्हां घराच्या भिंतीवर येऊन बसलें.

मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग २००२ सालीं पूर्ण झाला आणि खालापूर मुंबईच्या अंगणांत आलें. कर्जत तर लोकल गाडीनें आधींपासूनच जोडलेलें होतें. शनिवारीं यावें आणि रविवारीं परतावें, अशा घरांच्या ओळी नेरळपासून खोपोलीपर्यंत उभ्या राहिल्या. आठवड्यांतले पांच दिवस हीं घरें बंद असतात आणि त्यांची राखण जवळच्या वाडीवरील एखादें ठाकूर अगर कातकरी कुटुंब करतें. मालक शहरांतून खोकें घेऊन येतो. त्यांत एक मुख्य डबा, दारांसाठीं लोहचुंबकाचे सेन्सर, अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा एक सेन्सर, एक भोंगा आणि दोन रिमोट निघतात. सर्वांच्या तळाशीं घडी घातलेलें पत्रक असतें. अक्षर मुंगीएवढें. भाषा इंग्रजी, पण ती कित्येकदां चिनी भाषेंतून शब्दाला शब्द ठेवून उतरलेली असल्यामुळें इंग्रजी जाणणाऱ्या मालकालाहि तिच्यांतून वाट काढतां येत नाहीं.

रिमोटवरील चित्रें पाहावीं तर तींहि फसवीं. मिटलेल्या कुलुपाचें चित्र पाहून दाराला कुलूप लागत असेल असें वाटतें. तें लागत नाहीं, फक्त यंत्र सज्ज होतें. विजेच्या कडकडाटाच्या चित्राचा अर्थ एका कारखान्याच्या डबींत ‘घरांत माणसें आहेत’ असा, तर दुसऱ्याच्या डबींत ‘मदतीला धांवा’ असा. ‘आर्म’ करणें म्हणजे यंत्र सज्ज करणें, ‘डिसआर्म’ करणें म्हणजे त्याला मोकळें करणें. शाळेंतल्या धड्यांत ‘आर्म’ म्हणजे बाहु. राखणदाराच्या मुलानें शब्दकोश काढून पाहिलें तर ‘होम आर्म’ म्हणजे घराचा बाहु ठरेल. वस्तुतः घरांत माणसें निजलेलीं असतां दारें-खिडक्या तेवढ्या राखाव्या आणि आंतल्या हालचालीकडे काणाडोळा करावा, असा त्याचा भावार्थ. तो न कळल्यानें रात्रीं पाणी पिण्यास उठलेल्या आजीबाईंवर भोंगा केकाटतो आणि चोर समजून घरचींच माणसें काठ्या घेऊन धांवतात. भोंगा एकदां चिवचिवला म्हणजे यंत्र जागें, दोनदां चिवचिवला म्हणजे निजलें, असें बहुधा असतें; आणि सेल संपत आला म्हणजेहि तें चिवचिवतें. कळ दाबल्यापासून बाहेर पडण्यास कांहीं सेकंदांची सवड असते, ती किती हें कोणाला सांपडत नाहीं. पावसाळ्यांत पतंगे येतात, पतंग्यांमागें पाल येते, आणि पाल सेन्सरवरून चालत गेली कीं मध्यरात्रीं सारी वाडी जागी. एकदां लोक धांवून येतात, दोनदां येतात. लांडगा आला रे आला ही गोष्ट वाडीवरच्या पोरांनाहि पाठ असते.

हें सारें हंसण्यावारी नेतां आलें असतें. परंतु एखाद्या बुधवारीं खरोखरच घर फुटतें, आणि भोंगा गप्प राहतो. मालक येतो. यंत्राला तो विचारूं शकत नाहीं. राखणदाराला विचारतो, ‘कळ दाबली होतीस का?’ राखणदारानें कळ दाबलेली असते. ती योग्य होती कीं नाहीं, यंत्रानें ऐकली कीं नाहीं, सेल शाबूत होता कीं नाहीं, यांतलें एकहि त्याला ठाऊक नसतें आणि ठाऊक असण्याचा मार्गहि नसतो. पत्रक त्यानें वाचलेलें नाहीं, हें त्याच्या विरुद्ध जातें; मालकालाहि तें कळलें नव्हतें, हें कोणी विचारांत घेत नाहीं. ज्याची सचोटी हेंच ज्याचें भांडवल, त्याच्याकडे चौकींत निराळ्या नजरेनें पाहिलें जातें, आणि दुसऱ्या बंगल्याचें काम मिळण्याचीहि पंचाईत होते. काठी आपटीत हिंडणाऱ्या गस्तवाल्याच्या बाजूनें सारा गांव साक्ष देऊं शके. कळ दाबणाऱ्याला साक्षीदार नाहीं.

कायद्याकडे पाहावें तर वेष्टित मालासंबंधीं २०११ सालीं झालेल्या वैध मापनशास्त्राच्या नियमांप्रमाणें वेष्टनावरील आवश्यक मजकूर हिंदींत अगर इंग्रजींत असला म्हणजे पुरतो. आणखी दुसऱ्या भाषेंत तो छापण्यास मनाई नाहीं, पण सक्तीहि नाहीं. मराठी मुलखांत विकल्या जाणाऱ्या खोक्यांत मराठी पत्रक घालण्याचा खर्च कांहीं पैशांचा असेल. तो करावासा वाटणारे कारखानदार थोडे.

सुधारणा होत आहे ती यंत्राच्या पोटांत. चढ्या किंमतीच्या यंत्रांतील सेन्सर ठराविक वेळानें आपण शाबूत आहों असा संदेश मुख्य डब्याला पाठवितो, आणि तो संदेश चुकला तर डबा बोभाटा करतो. पहारेकऱ्याची आरोळी ती हीच. फक्त ती एका यंत्राला दुसऱ्या यंत्राकडून ऐकूं जाते. वाडीवर निजलेल्या माणसाला तिचा पत्ता नसतो.

ज्यांना असें यंत्र परवडत नाहीं त्यांना घरच्या घरीं करण्यासारखें थोडें आहे. सज्ज करण्याच्या कळेवर नखांना लावण्याच्या तांबड्या रंगाचा एक ठिपका द्यावा, आणि उरलेल्या कळांपैकीं नको त्या चिकटपट्टीनें झांकून टाकाव्या. रात्रीं नऊ वाजतां राखणदारानें तांबडी कळ दाबावी, सवड संपल्यावर मुद्दाम दार उघडून भोंगा एकदां वाजवून पाहावा, तो बंद करून यंत्र पुन्हां सज्ज करावें, आणि मुंबईला मालकाच्या फोनवर एक मिस्ड कॉल द्यावा. त्याला पैसा पडत नाहीं आणि अक्षर वाचावें लागत नाहीं. फोन वाजला म्हणजे भोंगा, सेल, दार आणि माणूस चारी जागे आहेत. साडेनऊपर्यंत तो वाजला नाहीं, तर मालकानें स्वतः फोन लावावा. आणि पलीकडून कोणी उचलला नाहीं, तर गांवच्या पोलिस पाटलाला.